जांबचा नारायण



आज ज्याला आपण घनसावंगी तालुका म्हणतो, त्या मुलखातून घर सोडून बाहेर पडलेल्या माणसांमध्ये सगळ्यांत नावाजलेला माणूस बारा वर्षांचा असताना गेला. जांबच्या कुळकर्ण्यांचा धाकटा मुलगा, नारायण सूर्याजी ठोसर. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना समर्थ रामदास म्हणू लागला. आपण तीर्थपुरीच्या शाळेत शिकलो. जांब आपल्याच तालुक्यात, कुंभार पिंपळगावच्या बाजूला. त्यामुळे आपल्याला त्यांचं कधी फारसं अप्रूप वाटलं नाही. गावातलं पोरगं कितीही मोठं झालं तरी गावाला ते अमक्याचं धाकटंच असतं, तसंच काहीसं.

या स्मरणिकेत शाळेच्या आठवणी बरेच जण लिहितील आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मला एका प्रश्नावर लिहायचं आहे. एखादा संत शेकडो वर्षं लोकांच्या रोजच्या जगण्यात कशाच्या जोरावर टिकतो? देवळाच्या, राजाच्या आश्रयाच्या, ग्रंथाच्या, की आणखी कशाच्या? हा प्रश्न मला पडला तो जांबपासून फार लांबच्या एका संताबद्दल वाचताना, म्हणून आधी त्याच्याबद्दल थोडं सांगते.

आयर्लंडचा पॅट्रिक

युरोपात देशाचा पाठीराखा म्हणून एखादा संत मानायची जुनी रीत आहे. आपल्या गावाला जसं ग्रामदैवत, तसा देशाला संत. आयर्लंडचा संत पॅट्रिक. पाचव्या शतकातला हा माणूस जन्माने आयरिश नव्हताच. तो रोमन अमलाखालच्या ब्रिटनमध्ये जन्मला. सोळा वर्षांचा असताना लुटारूंनी त्याला पळवून आयर्लंडमध्ये गुलाम म्हणून नेलं. तिथे सहा वर्षं त्याने जनावरं राखली, मग पळून घरी गेला आणि पुढे धर्मगुरू होऊन स्वतःहून त्याच देशात परत आला. त्याने लॅटिनमध्ये लिहिलेलं दोनच गोष्टींच्या रूपाने उरलं आहे. एक आत्मनिवेदन आणि दुसरं एका सरदाराला लिहिलेलं खरमरीत पत्र. या सरदाराच्या शिपायांनी पॅट्रिकची माणसं मारली होती, काहींना धरून नेलं होतं, त्याबद्दल त्यात जाब विचारला आहे.

लोकांच्या मनातला पॅट्रिक मात्र वेगळा आहे. त्याने म्हणे आयर्लंडमधले सगळे साप समुद्रात हाकलले. प्रत्यक्षात हिमयुगानंतर त्या बेटावर साप नव्हतेच. तीन पानांचं शॅमरॉक हातात धरून त्याने ईश्वराची तीन रूपं समजावली, अशी दुसरी गोष्ट. ती त्याच्या मृत्यूनंतर हजारावर वर्षांनी कागदावर आलेली दिसते. तरी १७ मार्चला आयरिश माणूस तेच शॅमरॉक कोटाला लावतो.

मला सगळ्यांत नवल वाटलं ते मिरवणुकांचं. १७ मार्चच्या मिरवणुकीची परंपरा आयर्लंडपेक्षा अमेरिकेत जास्त जुनी आणि मोठी आहे. बॉस्टनमध्ये हा सण १७३७ मध्ये साजरा झाला. न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ पासूनची. १८४५ नंतरच्या मोठ्या दुष्काळात सुमारे दहा लाख आयरिश माणसं मेली आणि तेवढीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. परक्या शहरात हमाली करणाऱ्या, घरकाम करणाऱ्या त्या लोकांनी पॅट्रिकचा दिवस मोठा केला. आयर्लंडमध्ये त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी सुरू झाली १९०३ मध्ये आणि डब्लिनमध्ये सरकारी मिरवणूक निघाली ती १९३१ मध्ये. आपला संत आपलाच आहे हे घरच्यांपेक्षा घर सोडलेल्यांनी जास्त जोरात सांगितलं.

हे वाचलं आणि मला आपला नारायण आठवला. पॅट्रिक बाहेरून आला आणि देशाचा झाला. नारायण आपल्याकडचा होता आणि बाहेरचा झाला.

जांब ते सज्जनगड

नारायणाचा जन्म शके १५३० चा, चैत्र शुद्ध नवमीचा, म्हणजे इ.स. १६०८ ची रामनवमी. वडील सूर्याजीपंत, आई राणूबाई, थोरला भाऊ गंगाधर. वडील लवकर गेले. बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावर "सावधान" हा शब्द ऐकून तो पळाला ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. परंपरा सांगते की लग्न आसनगावचं होतं. तिथून तो मुलगा पायी नाशिकला गेला. पंचवटीजवळ टाकळीला त्याने बारा वर्षं तप केलं आणि अभ्यास केला. पुढची बारा वर्षं देशभर हिंडण्यात गेली.

१६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले. १६४८ मध्ये चाफळला रामाचं देऊळ झालं. त्याच दशकभरात आजच्या सातारा, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत अकरा मारुती उभे राहिले. शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी, बहे, शिराळा, मनपाडळे, पारगाव ही त्यांची गावं, आणि दोन मारुती एकट्या चाफळात. दासबोध शिवथरघळीत लिहिला गेला असं मानतात. वीस दशक, प्रत्येकात दहा समास, असे दोनशे समास आणि पावणेआठ हजारांच्या आसपास ओव्या. १६७६ पासून समर्थ परळीच्या किल्ल्यावर, म्हणजे सज्जनगडावर राहिले आणि शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला, १६८२ मध्ये, तिथेच त्यांनी देह ठेवला. दासनवमी ती हीच.

म्हणजे हिशोब केला तर जांबच्या वाट्याला त्यांची पहिली बारा वर्षं आली आणि कृष्णाखोऱ्याला शेवटची अडतीस. शाळेत असताना मला याचं वाईट वाटायचं. मारुती तिकडे, चाफळ तिकडे, गड तिकडे, आमच्याकडे फक्त जन्म. मराठवाड्यातल्या पुष्कळ गोष्टींचं असंच होतं, पिकतं इथे आणि नाव होतं तिकडे. आजही दिवाळी झाली की आपल्याकडची ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडं ट्रक-ट्रॅक्टरवर बसून सातारा, सांगली, कोल्हापूरच्या कारखान्यांकडे निघतात. त्यांचे फड ज्या शिवारांत पडतात, त्याच मुलखात ते अकरा मारुती आहेत. जांबचा नारायण गेला तीच दिशा.

दारोदार गेलेले श्लोक

आता मूळ प्रश्न. समर्थांचा मठ होता, शिष्य होते, राजाची सनद होती. १६७८ ची चाफळची सनद इतिहासात प्रसिद्ध आहे. पण मठ आणि सनदा पुष्कळांच्या होत्या. त्यातल्या किती जणांचं नाव आज आपल्या मुलांना माहीत आहे?

मनाच्या श्लोकांची एक गोष्ट सांगतात. चाफळच्या रामनवमीच्या उत्सवासाठी शिष्यांनी भिक्षा मागायची ठरलं. दारात उभं राहून नुसती झोळी पुढे करायची नाही, एक श्लोक म्हणायचा आणि मग भिक्षा घ्यायची. त्यासाठी समर्थांनी एका रात्रीत २०५ श्लोक सांगितले आणि कल्याणांनी ते लिहून घेतले. एका रात्रीत की अनेक, हा हिशोब बाजूला ठेवू. गोष्टीतली योजना बघण्यासारखी आहे. ज्या बाईला देवळात जायला सवड नाही, पोथी वाचता येत नाही, तिच्या उंबरठ्यावर चार ओळी जातात. पुढच्या दिवशी पुढचा श्लोक. पीठ झोळीत जातं, श्लोक घरात राहतो.

आणि तो राहावा म्हणून रचनाही तशीच आहे. भुजंगप्रयात वृत्त, एका चरणात बारा अक्षरं, चारही "य" गण. मराठीच्या तासाला आपण बाकावर ठेका धरून "यमाचा, यमाचा, यमाचा, यमाचा" म्हणायचो ते आठवतंय ना? राधिका आणि जनास यांच्यात घोटाळा करणाऱ्यांनाही हा गण कधी चुकला नाही. त्या चालीत एकदा जीभ बसली की शब्द आपोआप पुढे येतात. आपल्या वर्गात हे श्लोक सगळ्यांत खणखणीत म्हणणारी मैत्रीण ज्या घरातली होती, तिथे पाच वेळा नमाज व्हायचा. तिच्या आईला त्यात काही वावगं वाटलं नाही आणि आपल्यालाही नाही.

यापुढे जाऊन बघा. "सुखकर्ता दुःखहर्ता" ही गणपतीची आरती समर्थांची. "लवथवती विक्राळा" ही शंकराची आरती समर्थांची. मारुतीची "सत्राणे उड्डाणे" समर्थांची, "भीमरूपी" स्तोत्र समर्थांचं, करुणाष्टकंही त्यांचीच. १८९३ मध्ये लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं आणि पहिली आरती गल्लोगल्ली पोचली. आज पुण्यातल्या सोसायटीत, मुंबईच्या चाळीत, आखाती देशांतल्या फ्लॅटमध्ये, अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाच्या भाड्याच्या हॉलमध्ये भाद्रपदात एकाच वेळी जे शब्द म्हटले जातात, ते जांबच्या एका मुलाचे आहेत. म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते कोणाचे, हे माहीत नसतं. आरतीच्या शेवटी "दास रामाचा" अशी सही आहे, पण तोपर्यंत टाळ्यांचा वेग इतका वाढलेला असतो की सही कोण वाचतो?

आयरिश लोकांनी परदेशात मिरवणूक नेली, आपण आरती नेली. हे काही आजचंच नाही. तंजावरला मराठ्यांचं राज्य असताना समर्थांचे शिष्य तिकडे गेले, तमिळ मुलखात मठ झाले. भीमस्वामींचा तंजावरचा मठ त्यातलाच. घरापासून शेकडो कोसांवर गेलेल्या मराठी माणसांनी घराची खूण म्हणून पाठ असलेले शब्द जपले.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. तिथे पहिला धडा असा असतो की महत्त्वाची गोष्ट एकाच ठिकाणी ठेवायची नाही, तिच्या प्रती निरनिराळ्या जागी ठेवायच्या. एक यंत्र बंद पडलं तरी दुसरीकडे ती शाबूत असते. समर्थांनी प्रती ठेवल्या माणसांच्या तोंडी. कागदाच्या प्रतींकडेही त्यांचं तितकंच लक्ष होतं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास नुसता लेखनावर आहे. अक्षर वाटोळं, मोकळं आणि सरळ असावं. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत काढावं. ओळींमधलं अंतर सारखं असावं. कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते वाचता येत नाही! चाळिशीचा चष्मा लागलेल्या आपल्या बॅचने हा समास जरूर वाचावा. आणि शुद्धलेखनाच्या वहीत समास सोडला नाही म्हणून ज्यांनी आपल्या हातावर पट्ट्या मारल्या, त्या सरांना हा आधार त्या वेळी हाताशी होता का, हे मेळाव्यात विचारायचं आहे.

धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी पुढे या सगळ्या कागदांचा शोध घेतला. त्यांची सत्कार्योत्तेजक सभाही १८९३ चीच. मठामठांत हिंडून त्यांनी हस्तलिखितं गोळा केली आणि धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिर उभं केलं. टाकळीला असताना समर्थांनी स्वतःच्या हाताने लिहून काढली असं मानतात ती वाल्मीकी रामायणाची प्रत तिथे आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या आपल्याकडच्या एका मुलाचं अक्षर.

जो घरी राहिला

बाहेर गेलेल्यांचं कौतुक आपण नेहमी करतो. मेळाव्यातही पुण्याहून, बंगळुरूहून, परदेशातून कोण आलं याचीच चर्चा जास्त होते. म्हणून नारायणाच्या थोरल्या भावाबद्दल दोन शब्द.

गंगाधरपंत जांबला राहिले. घर, वतन, आई आणि देवघरातला राम, सगळं त्यांनी सांभाळलं. परंपरा त्यांना श्रेष्ठ म्हणते, रामीरामदास म्हणते. त्यांनीही ग्रंथ लिहिले, भक्तिरहस्य आणि सुलभोपाय. समर्थ चोवीस वर्षांनी आईला भेटायला आले तेव्हा रडून रडून तिची दृष्टी गेली होती आणि मुलाचा हात लागताच ती परत आली, अशी कथा आहे. दृष्टीचं काय ते असो, पण त्या चोवीस वर्षांत आईच्या जवळ कोण होतं, हे कथेत फारसं येत नाही. १६७७ मध्ये श्रेष्ठ दहिफळला वारले. समर्थ मोठे खरेच, पण त्यांना परत यायला जांबचं घर शिल्लक होतं ते श्रेष्ठांमुळे. आपल्या वर्गातल्या ज्यांनी तीर्थपुरीत राहून शेती केली, दुकान चालवलं, इथल्याच शाळांत शिकवलं, आईवडिलांचं शेवटचं आजारपण काढलं, त्यांच्यासाठी हा परिच्छेद आहे.

मठ टिकवण्यातही असाच एक न दिसणारा हात होता, आणि तो बाईचा होता. समर्थांच्या शिष्यांमध्ये मिरजेच्या वेणाबाई होत्या. बालपणी वैधव्य आलेल्या या बाईंना समर्थांनी उभं राहून कीर्तन करायची परवानगी दिली. त्यांनी सीतास्वयंवर लिहिलं. दुसऱ्या अक्काबाई. समर्थांच्या मागे चाफळ आणि सज्जनगडाचा कारभार दिवाकर गोसाव्यांबरोबर त्यांनी पाहिला. १७०० मध्ये परळीचा किल्ला मोगलांनी घेतला. त्या धामधुमीत अक्काबाईंनी रामाच्या मूर्ती वासोट्याला नेऊन सुरक्षित ठेवल्या, असं मठाची परंपरा सांगते. सतराव्या शतकात ज्या कामाला आपण आज व्यवस्थापन म्हणतो, ते एक बाई करत होती.

नावाची ओढाताण

समर्थांबद्दल लिहायचं आणि वादाबद्दल गप्प बसायचं हे बरोबर नाही. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही हा विषय निघाला की दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नाही.

समर्थ शिवरायांचे गुरू होते का, हा वाद जुना आहे. बखरी पहिली भेट १६४९ ची सांगतात. जुन्या पत्रांच्या आधारे काही अभ्यासक ती १६७२ ची मानतात, म्हणजे स्वराज्य उभं राहून गेल्यावरची. महात्मा फुल्यांनी रामदासांवर कडक टीका केली. न्यायमूर्ती रानडे आणि इतिहासाचार्य राजवाडे यांना त्यांच्यात राष्ट्र घडवणारा पुरुष दिसला. या दोन्ही बाजूंची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. लेखनावरचा जो समास मी वर कौतुकाने सांगितला, तो ब्राह्मणाला उद्देशून सुरू होतो. त्या काळी अक्षर कोणाच्या घरी होतं हे त्यावरून कळतं, आणि ते डोळ्यांआड करून चालणार नाही.

पण आपल्या शाळेचं बघा. त्याच तालुक्यात, त्याच भाषेत, शेतकऱ्यांची, शेतमजुरांची, कारागिरांची, सगळ्या जातिधर्मांची मुलं आणि मुली एका बाकावर बसून तेच अक्षर गिरवत होती आणि तेच श्लोक म्हणत होती. समास लिहिणाऱ्याने आपली कल्पना केली नसेल, तरी तो आपल्यापर्यंत आला. ज्या शिक्षणाने तो आला, ते आपल्याला फुल्यांच्या आणि त्यांच्यासारख्यांच्या झगड्यामुळे मिळालं. मला दोघांचंही ऋण मान्य करायला अडचण वाटत नाही.

आयर्लंडमध्ये अर्माघ नावाचं गाव आहे. तिथे समोरासमोरच्या दोन टेकड्यांवर संत पॅट्रिकच्या नावाची दोन कॅथेड्रल आहेत, एक कॅथलिकांचं, एक प्रॉटेस्टंटांचं. पॅट्रिक कोणाचा यावरून शतकानुशतकं तिथे ताण राहिला. १७ मार्चला मात्र शॅमरॉक दोन्ही टेकड्यांवर दिसतं. संतावर हक्क सांगणारे भांडत राहतात आणि संत वापरात असतो तिथे टिकून राहतो. आपल्याकडे कोणी आरती म्हणताना ही आमची की तुमची असं विचारत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. भीती एवढीच आहे की वादाच्या धाकाने शाळा, घरं आणि मंडळं त्यांचं नाव घेणंच टाळतील. मग शब्द राहतील आणि ते कोणाचे, कुठले, हे सांगणारं कोणी उरणार नाही. आपल्या भागात तर "समर्थ" हे नाव कारखान्यापासून दुकानाच्या पाटीपर्यंत सगळीकडे आहे. अंकुशनगरच्या सहकारी साखर कारखान्याला तेच नाव दिलं गेलं, ते सहज दिलेलं नाही. पाटीवरच्या नावामागचा माणूस मुलांना सांगणं आपल्या हातात आहे.

२०२२ चा ऑगस्ट

जांब आपलं किती आहे हे मला ऑगस्ट २०२२ मध्ये कळलं. जांबच्या मंदिरातून रामाच्या आणि परिवाराच्या जुन्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. समर्थांच्या घराण्यात पुजल्या गेलेल्या मूर्ती. विधानसभेच्या चालू अधिवेशनात प्रश्न निघाला, वर्तमानपत्रांत जांबचं नाव आलं. आपल्या ग्रुपवर त्या दिवशी एकही वाद झाला नाही. वर्षानुवर्षं गप्प असलेल्या मुला-मुलींनी, म्हणजे आता पन्नाशीकडे झुकलेल्यांनी, "काही कळलं का" असं सकाळ-संध्याकाळ विचारलं. त्यांच्यात देव न मानणारे होते, दुसरा देव मानणारे होते. दोनेक महिन्यांनी पोलिसांनी मूर्ती शोधून काढल्या आणि त्या सापडल्याचा निरोप आला तेव्हा सगळ्यांनी सारख्याच आनंदाने तो पुढे पाठवला.

त्या दोन महिन्यांत मी एक गोष्ट पाहिली. मूर्ती नव्हत्या, तो भाद्रपद होता, आणि गणपतीत सगळीकडे आरती नेहमीसारखीच झाली. मूर्ती चोरता येते, ती परत मिळावी म्हणून जीव तुटतो आणि तुटायलाच हवा. पण जे घरोघर वाटून दिलेलं असतं, ते एका रात्रीत कोणाला उचलून नेता येत नाही. समर्थ कशाच्या जोरावर टिकले याचं मला सापडलेलं उत्तर एवढंच आहे.

मेळाव्याच्या निमित्ताने

दोन सूचना करते. आपल्या बॅचतर्फे शाळेच्या ग्रंथालयाला पुस्तकं द्यायचं चाललं आहे. त्यात दासबोध द्यावा, मनाचे श्लोक द्यावेत, त्याबरोबर फुल्यांचं समग्र वाङ्मयही द्यावं, आणि जवळजवळच्या फळीवर ठेवावं. मुलांनी दोन्ही वाचावं आणि काय ते ठरवावं. आपल्याला तेवढी समज शाळेने दिली, त्यांनाही देईल.

दुसरी सूचना सोपी आहे. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जांबला जाणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी चलावं, गाडीत जागा आहे. तीर्थपुरीत राहणाऱ्यांनी रस्ता दाखवावा, कारण आमच्यापैकी बऱ्याच जणांना तो आता विचारावा लागेल. सर आणि बाई आल्या तर फारच आनंद होईल. आणि मुलांना बरोबर आणा. आरती त्यांना पाठ आहे, ती कुठून आली ते गाव बघायचं राहिलं आहे.